दोन्ही सारखंच दिसतंय

म्हातारा पोस्टमन काउंटरवर डोकं टेकवून रडायला लागला, तेव्हा आईने त्याच्या कोपराखालून चष्मा ओढून घेतला, उजेडात धरला आणि म्हणाली, "दांडीला चरा पडलाय. परत घेता येणार नाही." एवढ्यावर थांबली असती तरी भिंगरीने कशीबशी स्वतःची समजूत घातली असती. पण आईने गिऱ्हाइकांच्या मुलांसाठी ठेवलेल्या काचेच्या भांड्यातली एक गोळी सोलली, तोंडात टाकली आणि ती गालात इकडून तिकडे फिरवत त्या माणसाकडे बघत राहिली. बंद दुकानाच्या शटरकडे बघावं तसं. चष्मा त्याच्या बायकोचा होता. बायको गेल्या आठवड्यात गेली होती. तो काही परत द्यायला आला नव्हता. "घरात ठेववत नाही आणि टाकवतही नाही हो, वहिनी," एवढंच म्हणून त्याने तो काउंटरवर ठेवला होता. ज्या बाईने तो चष्मा बायकोच्या कानावर बसवून दिला होता तिच्यापुढे ठेवला की काहीतरी हलकं होईल, असं त्याला वाटलं असणार. भिंगरी शाळेतून नुकती आली होती, दप्तर अजून पाठीवरच होतं. तिने स्टूल पुढे केलं, पाणी आणलं, "काका, बसा ना, राहू द्या इथेच तो, आम्ही नीट ठेवतो," असं भराभर बोलत सुटली. सांडलेलं दूध हातांनीच गोळा करायला निघाल्यासारखी. पोस्टमन तिच्याकडे बघून ओशाळला, डोळे पुसत उठला आणि पायरी उतरताना एकदाच मागे वळला. आईकडे. आई त्याला हसली. छान, मोकळं, दात दाखवून हसली. 

मागच्या खोलीत बाबा काच घासत होते. यंत्राच्या घरघरीत त्यांना काही ऐकू गेलं नव्हतं, आणि गेलं असतं तरी वर मान करण्याआधी त्यांनी काचेची कड पुरी केली असती. भिंगरीने सगळं सांगितलं, हातवारे करून, रडण्याचा आवाजसुद्धा काढून. बाबांनी यंत्र बंद केलं, काच फुंकली आणि म्हणाले, "तिला दिसलं नसेल."

"दिसलं नसेल? बाबा, हातभर अंतरावर रडत होते ते! काउंटर ओला झालाय!"

"मग जवळचा नंबर वाढला असेल. रविवारी तपासतो."

"याच वर्षी दोन चष्मे झालेत तिचे."

"तिसरा करू. घरचंच दुकान आहे."

यावर काय बोलणार? शाळेत वादविवादात भल्याभल्यांना पाणी पाजणारी ही पोर, एका जागी बसेल तर शपथ म्हणून घरादाराने भिंगरी नाव ठेवलेली, बाबांपुढे मात्र दर वेळी इथेच येऊन आपटायची. बाबा चिडत नसत, ओरडत नसत, नुसते काच पुसत. जगात जे काही बिघडतं ते काचेत बिघडतं असं त्यांचं प्रामाणिक मत होतं. मूल अभ्यासात मागे पडलं, नंबर बघा. डोकं दुखतं, नंबर बघा. नवरा-बायकोचं पटत नाही, तर त्यातला एकजण नक्की चुकीचा चष्मा लावून फिरतोय. हे ते गमतीत म्हणत, आणि गिऱ्हाईक हसून पैसे देऊन जात असे. आता गंमत राहिली नव्हती. शेजारणीने तान्हं बाळ मांडीवर दिलं तेव्हा आई म्हणाली, "हा तर उकडलेल्या बटाट्यासारखा दिसतो," आणि बाळ परत तिच्या हातात कोंबून टीव्ही लावला. शेजारीण गेल्यावर बाबा म्हणाले होते, "बारीक तपशील दिसत नाहीत तिला, बाकी काही नाही." पहिला नवा चष्मा त्या दिवशी झाला. आई तो लावून बसली आणि म्हणाली की छान आहे, त्या बाळाचे कानसुद्धा बटाट्याचेच होते.

आणि हे कोणाच्या बाबतीत, तर आईच्या! दुकानाच्या पाटीवर नाव बाबांचं असलं तरी दुकान चालायचं आईच्या दोन बोटांवर. बाबांची काच केसाइतकीही चुकायची नाही, पण नुसती बिनचूक काच घेऊन माणूस काय करील? ती नाकावर बसली पाहिजे, कानामागे टेकली पाहिजे. आणि चष्म्याच्या बाबतीत माणसं हमखास खोटं बोलतात, हे आईचं लाडकं वाक्य होतं. "टोचतंय का?" विचारलं की शंभरातले नव्वद म्हणणार, नाही, छान बसलाय. कुणाला भीड वाटते, कुणाला घाई असते, कुणाला वाटतं की नवा आहे म्हणजे टोचायचाच. आई उत्तर ऐकायचीच नाही. ती वाकून, हात पाठीमागे घेऊन, समोरच्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्याकडे बघायची. तिथली कातडी इतकीशी आक्रसली की चष्मा काढून घेणार, दांडी गरम हवेवर धरणार, किंचित वाकवणार, परत बसवणार, परत बघणार. माणसाला स्वतःला कळायच्या आत त्याला टोचतंय हे तिला कळायचं. लहानपणी भिंगरीला याचा भयंकर राग यायचा, कारण मग घरात काही लपवायची सोयच नाही. पेपर वाईट गेला तर जिन्यावरच आई म्हणायची, "चल, आधी खाऊन घे." मैत्रिणीशी बोलणं बंद झालं तर आई गुपचूप तिच्या शेजारी येऊन भाजी निवडायला बसायची. अशी आई. आणि आता हीच आई दांडी वाकवायची ती अंदाजाने, गोळी चघळत, आणि "झालं, जा" म्हणायची. परवा एक शिक्षिका कानामागे रक्त आलेलं दाखवायला आली, तर आई म्हणाली, "तुमचे कानच वाकडे आहेत."

सगळ्यात मोठी कटकट ही होती की सुरुवातीला भिंगरीलाच हे आवडलं होतं. आई आयुष्यभर सगळ्यांना सांभाळून घेणारी, आत्याचे टोमणे गिळणारी, लग्नकार्यात शेवटच्या पंगतीला जेवणारी. आणि एके दिवशी आत्या घरी येऊन सोफ्यावर बसून नेहमीप्रमाणे "वहिनी, तुमच्या घरात ना वारंच येत नाही" म्हणाली, तेव्हा आई म्हणाली, "मग येता कशाला?" आत्याचा कप अर्ध्या वाटेत थांबला. भिंगरी आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसली होती. वा रे आई! तिला वाटलं की आपल्याला जशी या वर्षी अचानक हिंमत आली, वर्गात हात वर करायची, मुलांच्या डोळ्याला डोळा भिडवायची, तशीच आईलाही आली असेल. एकाच घरातल्या दोघी एकदमच उमलल्या म्हणायच्या. "अहो" म्हणणारी आई बाबांना "ए चष्मेवाल्या" म्हणायला लागली, तेव्हा तर भिंगरी आठवडाभर मैत्रिणींना नकला करून दाखवत होती. शेजारीपाजारी म्हणायचे, तुझी आई किती मोकळी झाली गं, किती छान. हो, छानच. पण मोकळं झालेलं माणूस कधीतरी परत येतं ना? एखादा शब्द जास्त गेला तर त्याला नंतर खंत वाटते, ते बोट चावतं, निदान जीभ तरी चावतं. आत्या रडत घरी गेली याचं आईला काहीच नव्हतं. वाईटही वाटलं नव्हतं आणि बरंही वाटलं नव्हतं. आत्या गेली, आता सोफा मोकळा झाला, एवढंच.

शाळेतल्या वादविवादाच्या अंतिम फेरीला आई आली होती. भिंगरी व्यासपीठावर उभी, विषय तिच्या हातखंड्याचा, सभागृह मुठीत आलेलं. आणि ऐन रंगात आल्यावर तिला दिसलं की आई उठली, ओळीतल्या लोकांच्या पायांवरून चालत पुढे आली, परीक्षकांच्या टेबलाशी थांबली आणि त्यांच्या बशीतली बिस्किटं उचलायला लागली. एक, मग दुसरं, मग सगळीच. मधल्या परीक्षकाने बशी हलकेच आपल्याकडे ओढली तर आईने ती परत ओढली. पोरं खिदळली. भिंगरी बोलत राहिली, शब्द न चुकता बोलत राहिली, आणि जिंकली. घरी येताना तिने विचारलं, "आई, मी कशी बोलले?" तिला खरं तर विचारायचं होतं की तू हे का केलंस. आई म्हणाली, "बिस्किटं मऊ पडली होती." तेव्हाच बाबांनी दुसरा चष्मा केला, लांबच्या नंबरचा. तिला व्यासपीठ दिसलं नसेल म्हणे.

गेल्या महिन्यात भिंगरीने हट्ट धरून दोघांना फॅमिली डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आईला वार विचारला, तारीख विचारली, पाच शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. आईने धडाधड सांगितलं. शब्द उलटे म्हणून दाखवले. वर म्हणाली, "डॉक्टर, तुमची फ्रेम डावीकडे कललीय, कुठून केली?" डॉक्टर खूश. "बघा, नजर किती तीक्ष्ण! अहो, स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे यांची. या वयात बायकांचं थोडं वर-खाली होतं. विश्रांती, फिरणं, आनंदी वातावरण." मग भिंगरीकडे वळून, आवाज मऊ करून म्हणाले, "आणि बेटा, तू जरा ताण कमी घे. परीक्षेचं वर्ष आहे ना?" भिंगरीला त्या खोलीतलं वजन करायचं यंत्र उचलून खिडकीतून फेकावंसं वाटलं. आईला सगळं आठवतं हे तिला माहीतच होतं की! आईला गिऱ्हाइकांचे नंबर आठवतात, भिंगरीच्या पहिलीतल्या बाईंचं आडनाव आठवतं, पोस्टमनच्या बायकोने फ्रेम निवडताना घातलेल्या साडीचा रंगसुद्धा आठवत असेल. आठवतं सगळं, पण त्या आठवण्याचं पुढे काही होत नाही. नळ सुरू आहे आणि खाली बादलीच नाही. पण हे कुठल्या शब्दांत सांगायचं? वादविवादात मुद्दा लागतो, पुरावा लागतो. "माझी आई माझ्याकडे पूर्वीसारखी बघत नाही" हा काय पुरावा झाला? बाबा येताना रस्ताभर हलक्या पावलांनी चालत होते. "ऐकलंस ना? ठणठणीत आहे." आई पुढे चालत होती, एकटी, दोघांची वाट न बघता.

म्हणून पोस्टमन येऊन गेल्यानंतरच्या रविवारी, दुकान बंद ठेवून बाबांनी आईला तपासणीच्या खुर्चीत बसवलं आणि तो गोल जड तपासणीचा चष्मा तिच्या नाकावर चढवला, तेव्हा भिंगरी दारातच उभी राहिली. आत यायचंच नाही असं तिने ठरवलं होतं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता पेटला. बाबांनी लाकडी पेटीतून एक काच काढून आईच्या डोळ्यासमोर धरली, मग दुसरी. "हे बरं, की हे?" आईने अगदी खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचली. बाबांनी काच बदलली. तिने परत वाचली. "हे बरं, की हे?" बाबांचा आवाज नेहमीचाच होता, थंड, धीराचा. पण दाखवून झालेलीच काच ते पुन्हा उचलत होते, हे भिंगरीला दारातून दिसलं. ती वाचतेय! सगळं वाचतेय, आणि हा माणूस अजून काचा बदलतोय!  ती तरातरा आत गेली आणि तक्त्यासमोर जाऊन उभी राहिली. अक्षरं तिच्या मागे झाकली गेली.

"बाजूला हो गं," बाबा म्हणाले.

"नाही होणार. अक्षरं नका वाचायला लावू तिला. माझा चेहरा वाचायला लावा."

तिला रडायचं नव्हतं. मुद्देसूद बोलायचं होतं. पण रागाने रडू यायचं ते आलंच, आणि एकदा आलं म्हटल्यावर तिने पुसलं नाही.  मग सवयीने म्हणा, की दुसरं काय करायचं ते न सुचून म्हणा, बाबांनी एक काच आईच्या डोळ्यासमोर धरली. मग दुसरी.

"हे बरं, की हे?"

"दोन्ही सारखंच दिसतंय," आई म्हणाली.

"काय दिसतंय?"

"ही उभी आहे. नाक लाल झालंय. डोळ्यांतून पाणी येतंय, डाव्यातून जास्त. खालचा ओठ हलतोय." आई पुढे झुकली. "भुवईत एक केस उलटा वाढलाय."

"का येतंय पाणी?" बाबांनी विचारलं. इतक्या हळू, की प्रश्न आईला विचारलाय की काचेला ते कळू नये.

आईने विचार केला. टाळलं नाही, चेष्टा केली नाही, खरोखर मनापासून विचार केला, अवघड गणित सोडवताना करावा तसा. भिंगरी बघत होती. त्या एका क्षणात तिला वाटलं की येतंय, आता येतंय, आई आता उठेल.

"धूळ गेली असेल," आई म्हणाली.

बाबांनी आणखी एक काच उचलली. "आता?"

"अरे, स्पष्ट दिसतंय म्हटलं ना! किती वेळा तेच? ए चष्मेवाल्या, आटप, मला गोळी हवीय."

बाबा काच पेटीत ठेवायला गेले आणि त्यांनी ती चुकीच्या खाचेत ठेवली. भिंगरीच्या जन्मापासून त्यांनी कधी काच चुकीच्या खाचेत ठेवली नव्हती. मग ते तक्त्याचा दिवा बंद करायचं विसरून तिथल्याच स्टुलावर बसले, आणि मोठ्या हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांची वेळ कशी घ्यायची असते ते त्यांनी लेकीला विचारलं.

त्या डॉक्टर बारीक चणीच्या, शांत होत्या. त्यांनी आईला शब्द पाठ करायला लावले नाहीत. माणसांचे फोटो दाखवून, हा कसा वाटतो, ही का घाबरली असेल, असलं काहीबाही विचारलं. घरी काय काय बदललं ते भिंगरीला विचारलं आणि ती सांगत असताना मध्ये एकदाही तोडलं नाही. मग मेंदूचा फोटो उजेडाच्या पाटीवर लावला. भिंगरीने आयुष्यात पहिल्यांदा आईचा मेंदू पाहिला. करडा, सुरकुत्यांचा, पाठीमागे भरगच्च. आणि पुढे, कपाळाच्या आतल्या बाजूला, सुरकुत्यांच्या मधे काळ्या फटी. "हा भाग आक्रसलाय," डॉक्टर पेन्सिलीने दाखवत म्हणाल्या, "आणि इथे, कानांच्या आतल्या बाजूला. काळं दिसतंय ती रिकामी झालेली जागा. आठवणींचं काम मुख्यतः दुसरीकडे चालतं, म्हणून त्यांना अजून सगळं आठवतंय. पण समोरच्याच्या मनात काय चाललंय ते ओळखणं, जिभेला आवर घालणं, गोड आता पुरे म्हणणं, ही कामं या भागाची." त्यांनी आजाराचं नाव सांगितलं, फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया, आणि म्हणाल्या, "त्या मुद्दाम करत नाहीयेत. आपण बदललोय हेसुद्धा त्यांना जाणवत नाही. ते जाणवायला जो भाग लागतो, तोच आजारी आहे."

बाबा फोटोच्या इतके जवळ गेले की त्यांचा श्वास पाटीवर उमटला. "नंबर कसा एका वयानंतर स्थिर होतो," ते म्हणाले, "तसं काही?"

"नाही. हळूहळू पुढे जातं. त्रास कमी करणारी औषधं आहेत. थांबवणारं अजून काही नाही." मग वहीतून मान वर करून त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या," बाबा म्हणाले. "ही सांगत होती. मी चष्मे करत बसलो."

आई खिडकीशी उभी राहून खालच्या गाड्यांचे रंग मोठ्याने म्हणत होती. पांढरी, पांढरी, लाल, पांढरी.

बाहेर टळटळीत ऊन होतं. फाटकाशी बाबा थांबले, हातातला तो मोठा पाकिटबंद फोटो या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाले, "तू म्हणत होतीस तेच खरं निघालं." किती महिने भिंगरी या वाक्याची वाट बघत होती! रात्री अंथरुणात पडल्यापडल्या बाबांच्या तोंडून ते वदवून घेत होती, त्यावर आपण काय बोलायचं तेही जुळवून ठेवलं होतं. आणि आता ते आलं, तर तिला वाटलं की बाबांनी आपल्याला जिन्यावरून ढकलून दिलं. "असं नका ना म्हणू," ती म्हणाली. "बाबा, काहीतरी म्हणा. यंत्र बिघडलं असेल म्हणा. फोटो दुसऱ्याच कुणाचा असेल म्हणा. परत तपासू म्हणा. वाद घाला ना माझ्याशी!"

"काय घालू?"

"काहीही घाला! इतके दिवस घालत होतात की! आत्ताच कसे संपले मुद्दे?"

बाबांनी तोंड उघडलं. ते खरोखर शोधत होते, तिच्यासाठी शोधत होते, हे तिला दिसत होतं, आणि त्यांना काही सापडत नव्हतं. जाणारे-येणारे वळून बघत होते. बघेनात का. आणि तेवढ्यात ब्रेकचा कर्कश आवाज आला. आई कधीच फुटपाथ उतरून रस्त्याच्या मधोमध पोचली होती. एक टेम्पो तिच्यापासून वीतभर अंतरावर थांबला होता आणि ड्रायव्हर खिडकीतून अर्धा बाहेर येऊन ओरडत होता, "ओ बाई, मरायचंय का?"

"नाही," आईने शांतपणे सांगितलं. विचारलं म्हणून सांगितलं.

दोघं धावले. बाबांनी टेम्पोवाल्याला हात जोडले, भिंगरीने आईचं मनगट धरून तिला पलीकडच्या फुटपाथवर ओढत आणलं, आणि तिथे तिचा बांध फुटला. टेम्पोवाला निघून गेला होता. बाबांनी हत्यारं टाकली होती. डॉक्टर बिचारीचा काही दोष नव्हता. राग काढायला या शहरात एकच माणूस उरलं होतं, तर तिने त्याच्यावर काढला. बशीतल्या बिस्किटांपासून सुरुवात केली. पोस्टमन, आत्या, बटाट्याचं बाळ, शिक्षिकेचा कान, धूळ गेली असेल, सगळं, एकही न गाळता, आवाज फाटेपर्यंत. आणि ती इतके महिने काय गिळत होती, तिला किती एकटं वाटत होतं, तिला आई हवी होती, ही नव्हे, ती. आईने सगळं ऐकून घेतलं. मधे बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावर ऊन पडलं होतं आणि तिने डोळे बारीक केले होते. तेवढ्यावरून कुणालाही वाटलं असतं की तिला कळतंय.

"झालं?" भिंगरीला श्वास लागला तेव्हा आई म्हणाली. "मग त्या कडेने चालू. तिकडे सावली आहे."

आणि मनगट सोडवून ती निघाली. मागून दोघं निघाले. सावली खरंच तिकडे होती, हीच तर चीड.